खाशाबांच्या पदकाचे मोल

नवी दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्गावर २०१३ साली नवे महाराष्ट्र सदन उभे राहिले. कामानिमित्त राजधानीत येणारी मराठी माणसे येथे उतरतात. येथून पूर्वेकडे काही किलोमीटरांवर, यमुनेच्या अलीकडे, इंदिरा गांधी क्रीडा संकुल आहे. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी या संकुलात कुस्तीचे नवे सभागृह बांधण्यात आले आणि त्याला के. डी. जाधव यांचे नाव देण्यात आले. इंग्रजी आद्याक्षरांच्या आड दडलेले हे नाव अनेक मराठी पाहुण्यांनाही चटकन ओळखता येत नाही. ते खाशाबा दादासाहेब जाधव यांचे आहे. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे हे मल्ल सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर गावचे.

हेच पदक २०१७ च्या जुलै महिन्यात अचानक बातम्यांत आले. गोळेश्वर येथे खाशाबांच्या नावाने कुस्ती संकुल उभारण्याची घोषणा शासनाने २००९ साली केली होती. आठ वर्षे लोटली तरी संकुल उभे राहिले नाही. तेव्हा निधी उभारण्यासाठी वडिलांचे कांस्यपदक लिलावात काढण्याचा मनोदय खाशाबांच्या पुत्राने जाहीर केला. या वार्तेने महाराष्ट्रात हळहळ व्यक्त झाली. मात्र लिलाव झालाच असता तर या पदकाला काय किंमत आली असती, या प्रश्नाची फारशी चर्चा झाली नाही.

संग्राहकांची बाजारपेठ

क्रीडा क्षेत्रातील जुन्या वस्तूंचा सर्वांत मोठा बाजार अमेरिकेत आहे आणि त्या बाजाराचा राजा बेसबॉल आहे. ज्या १९५२ साली खाशाबांनी हेलसिंकीत पदक मिळविले, त्याच साली टॉप्स या कंपनीने बेसबॉलपटूंच्या छायाचित्रांची पत्ते विक्रीस आणली. त्यांतील मिकी मँटल या खेळाडूचे एक पत्ते ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे शंभर कोटी रुपयांना विकले गेले. विक्रेत्याने ते १९९१ साली ५० हजार डॉलरला घेतले होते. या मालिकेतील न खपलेला साठा कंपनीने पुढे समुद्रात बुडवून टाकला, असे सांगतात. जे उरले त्याला सोन्याहून अधिक भाव आला.

ही काही एकट्या वस्तूची गोष्ट नाही. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून वाटल्या गेलेल्या होनस वॅग्नर या खेळाडूच्या पत्त्यांपैकी जेमतेम पाच-सहा डझन प्रती ज्ञात आहेत. त्यांतील एक २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरला गेली. बेब रूथने १९३२ च्या अंतिम मालिकेत घातलेल्या सदऱ्यासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये २ कोटी ४१ लाख डॉलरची बोली लागली. रुपयांत ही रक्कम दोनशे कोटींच्या घरात जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये शोहेई ओहतानीने टोलविलेला एक चेंडू सुमारे ४४ लाख डॉलरला विकला गेला.

क्रिकेटमध्येही ही हौस रुजली आहे. शेन वॉर्नने आपली कसोटी टोपी जानेवारी २०२० मध्ये वणवाग्रस्तांच्या मदतीसाठी लिलावात काढली आणि तिला १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डॉन ब्रॅडमन यांची १९२८ सालची टोपी साडेचार लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला गेली. महेंद्रसिंग धोनीने २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात वापरलेली बॅट लंडनमधील लिलावात मुंबईच्या एका कंपनीने एक लाख पौंडांना घेतली. भारतीय पैसाही या बाजारात उतरू शकतो, हे त्यातून दिसले.

कुस्तीच्या आखाड्याकडे मात्र या बाजाराची नजर कधी वळली नाही. मल्लाने मागे ठेवायचे ते काय? लंगोट मातीत विरतो, इनाम घरखर्चात संपते. उरते ते एखादे पदक आणि लोकांच्या तोंडी असलेल्या कथा.

गोळेश्वरचा मल्ल

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी झाला. वडील दादासाहेब स्वतः नामांकित मल्ल होते आणि पाच मुलांत खाशाबा धाकटे. कृष्णा-कोयनेच्या या टापूत त्या काळी गावोगावी तालमी होत्या. कोल्हापूरला शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेल्या राजाश्रयाची पुण्याई तर सर्वत्र जाणवत होती. घरच्या तालमीत वडिलांच्या देखरेखीखाली खाशाबा लहानपणीच मातीत उतरले. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. १९४२ च्या आंदोलनात भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, निरोप पोहोचविणे, अशी कामेही या विद्यार्थ्याने केली.

पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. अंगकाठीने लहानखुरे असल्याने प्रथमदर्शनी त्यांच्याकडून कोणी फार अपेक्षा ठेवत नसे. परंतु त्यांची चपळाई विलक्षण होती. प्रतिस्पर्ध्याची मान पकडीत घेऊन त्याला झटक्यात खाली आणणारा ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता. भारी मल्लही त्यापुढे गडबडून जात.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. प्रवासखर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. खाशाबा तोवर मातीतच कुस्ती खेळलेले होते. मॅटवरचे नियम, गुणांची पद्धत, खांदे टेकण्याचा हिशेब, सारेच नवे होते. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. त्या वेळच्या भारतीय कुस्तीच्या मानाने हे यश मोठे होते. परतल्यावर त्यांनी चार वर्षे एकच ध्यास घेतला आणि वजन वाढवून ते ५७ किलोंच्या बँटमवेट गटासाठी तयारी करू लागले.

गहाण पडलेले घर

हेलसिंकीची वाट सरळ नव्हती. मद्रास येथील निवड स्पर्धेत एका गुणाने त्यांना डावलले गेले. खाशाबांनी गप्प न बसता पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. फेरलढत झाली आणि त्यांनी बंगालच्या निरंजन दास यांना चितपट केले. निवड पक्की झाली, पण पैशांचा प्रश्न उभा राहिला. तेव्हा ऑलिंपिकला जाणाऱ्या खेळाडूला आपला खर्च बहुतांशी स्वतःच उभा करावा लागे.

गोळेश्वरच्या ग्रामस्थांनी आणि परिसरातील व्यापाऱ्यांनी आपापल्या परीने हातभार लावला. शासनाकडून मिळालेली मदत अपुरी होती. अखेरीस राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एका प्राचार्याने विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी छप्पर पणाला लावावे, ही घटना आजही वाचणाऱ्याला थबकायला लावते. खाशाबांच्या पदकाची पहिली किंमत म्हणून कोणता आकडा मांडायचा असेल, तर तो हाच आहे.

हेलसिंकीत त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांवर मात केली. जपानच्या शोहाची इशी याच्याशी झालेली लढत पंधरा मिनिटांहून अधिक चालली आणि ती त्यांनी गमावली. दोन लढतींत किमान अर्ध्या तासाची विश्रांती असावी, असा नियम होता. परंतु त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हविरुद्ध उतरण्यास सांगण्यात आले. त्यांची बाजू मांडायला भारतीय पथकाचा एकही अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता. थकलेल्या खाशाबांचा या लढतीतही पराभव झाला. २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक त्यांच्या हाती आले. सुवर्ण इशीला मिळाले. महायुद्धानंतरचे जपानचे ते पहिले ऑलिंपिक सुवर्ण होते आणि जपानने त्याचा राष्ट्रीय उत्सव केला.

पदक हाती आले, असे म्हणण्याला कारण आहे. विजेत्यांच्या गळ्यात पदक घालण्याची रीत १९६० च्या रोम ऑलिंपिकपासून सुरू झाली. त्याआधी ते हातात दिले जाई. दुसऱ्याच दिवशी भारतीय हॉकी संघाने नेदरलँड्सला ६-१ असे हरवून सुवर्णपदक पटकावले आणि देशाचे लक्ष स्वाभाविकच तिकडे गेले.

गावाने मात्र कसर ठेवली नाही. कराड स्थानकावर उतरलेल्या खाशाबांना १५१ बैलगाड्यांच्या मिरवणुकीने गोळेश्वरला नेण्यात आले. ढोल, लेझीम आणि गुलालात एरवी पाव तासाची वाट सात तासांनी सरली, असे जुनी माणसे सांगत. या सत्कारांच्या धामधुमीतही खाशाबांच्या मनावर एक ओझे होते. प्राचार्यांचे घर अजून गहाणच होते. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरविली, स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशांतून ते घर सोडविले.

खाकी वर्दीतील वर्षे

१९५५ साली खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची तयारी चालू असताना गुडघ्याच्या दुखापतीने घात केला आणि आंतरराष्ट्रीय आखाडा कायमचा सुटला. पोलीस दलाच्या स्पर्धांत त्यांनी चमक दाखविली, नव्या मल्लांना डाव शिकविले. पण बढतीची वाट अतिशय संथ होती. दीर्घ काळ ते उपनिरीक्षकाच्याच पदावर राहिले. सेवेच्या अखेरीस ते सहायक पोलीस आयुक्त झाले, तेव्हा निवृत्ती दाराशी आली होती.

१९८२ मध्ये दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. त्या वेळी ज्योत घेऊन धावणाऱ्यांत खाशाबांचा समावेश करण्यात आला. राजधानीने त्यांच्या हयातीत केलेला हा एक ठळक सन्मान. दोनच वर्षांनी, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले.

मृत्यूनंतर सन्मान सुरू झाले. महाराष्ट्र शासनाने १९९२-९३ चा शिवछत्रपती पुरस्कार दिला. केंद्राने २००० सालच्या अर्जुन पुरस्कारासाठी त्यांची निवड केली, म्हणजे पदकानंतर तब्बल अठ्ठेचाळीस वर्षांनी. तोवर लिअँडर पेसने १९९६ मध्ये अटलांटा येथे टेनिसचे कांस्यपदक मिळविले होते आणि भारताच्या दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी चव्वेचाळीस वर्षे का लागली, याची चर्चा करताना लोकांना खाशाबांची आठवण झाली होती. कुस्तीतील पुढचे पदक २००८ साली बीजिंगमध्ये आले. पद्म सन्मानासाठी कुटुंबीय वर्षानुवर्षे मागणी करीत राहिले.

ओवेन्स आणि खाशाबा

लिलावाच्या प्रश्नाकडे परत यायचे तर सर्वांत जवळचे उदाहरण जेसी ओवेन्सचे आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदके जिंकणाऱ्या या कृष्णवर्णीय धावपटूला मायदेशी परतल्यावर चरितार्थासाठी घोड्यांबरोबर शर्यती लावाव्या लागल्या. आपल्या पदकांपैकी एक त्याने बिल रॉबिन्सन या नर्तक मित्राला भेट दिले होते. मित्राच्या पत्नीच्या वारशातून आलेले ते पदक डिसेंबर २०१३ मध्ये १४ लाख ६६ हजार डॉलरला, सुमारे नऊ कोटी रुपयांना विकले गेले. ओवेन्सचे निधन १९८० मध्येच झाले होते. बर्लिनमध्ये ओवेन्सशी मैत्री जोडणाऱ्या लुट्झ लाँग या जर्मन खेळाडूच्या रौप्यपदकालाही २०२२ मध्ये ४ लाख ८८ हजार डॉलर मिळाले.

याला अपवादही आहेत. युक्रेनचा मुष्टियोद्धा व्लादिमिर क्लिचको याने अटलांटातील आपले सुवर्णपदक २०१२ मध्ये मुलांच्या मदतकार्यासाठी दहा लाख डॉलरला विकले, तेव्हा खरेदीदाराने पैसे दिले आणि पदक त्याच्याकडेच परत केले.

हे आकडे खाशाबांच्या कांस्यपदकाला लावता येत नाहीत. संग्राहक धातूची नव्हे, तर आपल्या बालपणीच्या आठवणींची आणि जगभर ठाऊक असलेल्या नावाची किंमत मोजतो. मिकी मँटलच्या पत्त्यामागे लक्षावधी अमेरिकनांचे लहानपण आहे. खाशाबांच्या पदकामागे कराड-कोल्हापूरच्या काही पिढ्यांच्या आठवणी आहेत आणि त्या पिढ्यांच्या हाती लिलावगृहात बोली लावण्याइतका पैसा क्वचितच होता.

कायद्यानेही या पदकाला फारसे संरक्षण नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार अशी वस्तू पुरावस्तू ठरण्यासाठी किमान शंभर वर्षे जुनी असावी लागते. हेलसिंकीचे पदक त्या व्याख्येत २०५२ साली बसेल.

२०१७ मध्ये पदक लिलावात गेले नाही. त्यानंतर २०२३ च्या १५ जानेवारीला गूगलने आपल्या मुखपृष्ठावर खाशाबांचे चित्र झळकविले आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळण्याचा निर्णय घेतला. दिल्लीच्या सभागृहात देशभरातील मल्ल मॅटवर उतरतात, तेव्हा दारावरच्या पाटीवर के. डी. जाधव एवढीच अक्षरे असतात.