ओळखपत्र देणारा डॉक्टर

मागच्या वर्षी मावशीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आई आणि दोन्ही मामा किडनी द्यायला तयार होते. तिघांचेही रक्तगट जुळले. पण एचएलए टेस्टचा रिपोर्ट आला, त्यात धाकटे मामा पूर्ण जुळले, आई निम्मी आणि मोठे मामा अजिबात नाहीत. सख्खी बहीण निम्मीच कशी, म्हणून आई रडली. मी साहित्याची विद्यार्थिनी, मला काय सांगता येणार? म्हणून वाचायला बसले आणि झाँ दोसे भेटले.

दोसे १९१६ साली फ्रान्समधल्या तुलूझ गावी जन्मले. वडील डॉक्टर, तेही डॉक्टर झाले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी फ्रान्स व्यापला, तेव्हा पाश्चर संस्थेतल्या एका ज्यू सहकाऱ्याला स्वतःची ओळखपत्रं देऊन ते उत्तर आफ्रिकेत लढायला गेले. त्या कागदांच्या आधारावर सहकाऱ्याला काम करत राहता आलं. इकडे ट्युनिशियात जखमींना रक्त देता देता दोसेंना रक्ताच्या अभ्यासाची ओढ लागली ती कायमची.

युद्धानंतर पॅरिसमध्ये त्यांना एक गोष्ट दिसली. वारंवार रक्त घेतलेल्या रुग्णांच्या सीरममुळे इतरांच्या पांढऱ्या पेशींच्या गुठळ्या होत. पण सगळ्यांच्याच नाही. म्हणजे लाल पेशींसारखी पांढऱ्या पेशींवरही काही खूण असणार. १९५८ साली त्यांनी अशी पहिली खूण जाहीर केली. तीन स्वयंसेवकांच्या आद्याक्षरांवरून तिला 'मॅक' नाव दिलं. पुढे पॅरिसच्या रक्तदात्यांनी स्वतःच्या हातावर दुसऱ्यांच्या कातडीचे तुकडे लावून घेतले. खुणा जितक्या जुळत, तितकी कातडी जास्त दिवस टिके.

या खुणांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात आणि त्यांचे हजारो प्रकार आहेत. प्रत्येकाला एक संच आईकडून मिळतो, एक वडिलांकडून. त्यामुळे सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, निम्मं जुळण्याची चारात दोन, अजिबात न जुळण्याची चारात एक. आमच्या घरात तिन्ही प्रकार निघाले! आईला हे वहीत काढून दाखवलं, तेव्हा कुठे ती शांत झाली.

दोसेंनी १९६९ साली 'फ्रान्स ट्रान्सप्लांट' सुरू केलं, योग्य अवयव योग्य रुग्णापर्यंत पोचावा म्हणून. १९८० साली त्यांना स्नेल आणि बेनासेराफ यांच्यासोबत नोबेल मिळालं. २००९ साली ते वारले.

आमच्याकडे मात्र गणित वेगळंच सुटलं. पूर्ण जुळलेल्या धाकट्या मामांना डायबेटिस निघाला. शेवटी निम्मी जुळलेल्या आईनेच किडनी दिली. खुणा कमी जुळल्या तरी आता औषधांनी निभावता येतं, एवढंच की ती मावशीला रोज वेळेवर घ्यावी लागतात. रविवारी मिस्साला दोघी शेजारी बसतात, तेव्हा मला दोसेंचे ते कागद आठवतात. पेशींवरची ओळख शोधणाऱ्या माणसाने, गरज पडली तेव्हा, स्वतःची ओळख दुसऱ्याला देऊन टाकली होती.