तानपुऱ्याच्या तारा आणि तरंगांचे गणित

आषाढी एकादशीला जुन्या जालन्यात आनंदी स्वामींची यात्रा भरते, तेव्हा दिंडीतील वीणा लावताना एक चमत्कार घडतो. त्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. दोन तारा जवळजवळ एका सुरात आल्या, की नाद लाटेसारखा चढू-उतरू लागतो. खुंटी किंचित पिळली की हे हेलकावे मंदावतात आणि अखेरीस थांबतात. पदार्थविज्ञानात त्यांना विस्पंद म्हणतात. एका तारेचे सेकंदाला २४० कंप आणि दुसरीचे २४२ असतील, तर सेकंदातून दोनदा तरंगाच्या शिखरावर शिखर येऊन नाद वाढतो, दोनदा शिखरावर दरी येऊन तो क्षीण होतो. टॉमस यंगने १८०१ पासून प्रकाशाच्या संदर्भात मांडलेले व्यतिकरणाचे तत्त्व ते हेच. विद्यार्थी ते सूत्राने शिकतो. वीणेकऱ्याच्या कानाला ते सूत्रावाचून ठाऊक असते. ही कानाची विद्या मोजमापाच्या उंबरठ्यापर्यंत नेण्याचे काम ज्यांच्या गळ्याने केले, ते अब्दुल करीम खाँ गायक म्हणून सर्वपरिचित आहेत. या कामासाठी मात्र त्यांचे स्मरण क्वचितच होते.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ सालचा, आजच्या उत्तर प्रदेशातील किराणा या गावचा. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात आले. तेथे ताराबाई माने यांच्याशी त्यांचे सूर जुळले आणि दोघांनी बडोदे सोडले. पुढे मिरज हेच त्यांचे घर झाले. सतारी आणि तानपुरे घडविणाऱ्या कारागिरांचे हे गाव. तेथील सतारीला व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. खाँसाहेब प्रवासातही वाद्यदुरुस्तीची हत्यारे जवळ बाळगीत आणि तानपुऱ्याची जवारी स्वतः काढीत.

जवारी म्हणजे घोडीच्या किंचित वक्र पृष्ठावर तार नेमकी कोठे टेकावी, याची साधना. दोरा केसभर सरकला तरी नादाचा रंग पालटतो. छेडलेली तार अखंड कंप पावतेच, शिवाय तिचे दोन, तीन, चार, पाच समान भागही कंप पावतात आणि त्यांतून उपस्वर उठतात. यंग व हेल्महोल्ट्झ यांच्या नियमानुसार, ज्या बिंदूवर तार छेडली तेथे एखाद्या उपस्वराचा निस्पंद बिंदू असेल तर तो उपस्वर उमटू नये. तानपुऱ्याच्या आणि वीणेच्या घोडीमुळे हा नियम मोडतो, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी कलकत्त्यात १९२१ साली दाखविले. मिरजेचे कारागीर त्यापूर्वी कित्येक वर्षे तो मोडीतच होते.

निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल हे नाद मोजू पाहत होते. तारेचा ताण कायम ठेवला तर तिची लांबी जितकी घटते तितक्या पटीत कंप वाढतात. म्हणून गायकाच्या सुराशी तार जुळवून तिची लांबी मोजली की सुराचे गुणोत्तर हाती येते. या प्रयोगांना अढळ सूर लावणारा गळा हवा होता, तो खाँसाहेबांचा मिळाला. बावीस श्रुतींवरील देवलांचा इंग्रजी ग्रंथ १९१० मध्ये निघाला. सनदी अधिकारी क्लेमेंट्स यांनी तेच सूत्र पुढे नेले. श्रेय अर्थातच लिहिणाऱ्यांकडे गेले. ज्याच्या गळ्यातून आकडे निघाले, तो साहाय्यक ठरला. श्रमाच्या वाटणीत हे नेहमीचेच आहे, पण नेहमीचे म्हणून न्याय्य नव्हे.

वादाचे खरे मूळ होते पेटी. तानपुऱ्याच्या खर्जाचे १२० कंप धरले, तर तिच्या पाचव्या उपस्वराचे ६०० होतात; हाच तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असल्याने तिचा तोच गंधार जवळपास ६०५ कंपांचा होतो. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला सुमारे पाच विस्पंद पडतात आणि सूर खरखरतो. खोटे नाणे खऱ्या नाण्याला चलनाबाहेर घालवते, हा अर्थशास्त्रातील नियम येथे आठवावा. तथापि पेटीने गावोगावच्या भजनी मंडळांना अल्प खर्चात सुराचा आधार दिला, हेही नाकारता येणार नाही.

क्लेमेंट्स यांची श्रुती-पेटी १९१६ च्या बडोदे परिषदेत मांडली गेली, तेव्हा पंडित भातखंडे प्रभृतींनी ती मान्य केली नाही. त्यांच्या आक्षेपात तथ्य होते. जयराजभॉय आणि स्टोन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत एकाच गायकाचा एकच स्वर वेळोवेळी सरकताना आढळला. श्रुती म्हणजे दगडी मैलाचे खांब नव्हेत. परंतु जुळलेल्या तानपुऱ्याचा गंधार कोणत्याही परिषदेच्या ठरावाने हलत नाही. तो तारेच्या स्वभावातच असतो.

१९१३ मध्ये पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढले. १९२२ मध्ये ताराबाई मुलांसह विभक्त झाल्या. हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने ही त्यांतली दोन नावे पुढे महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना खाँसाहेबांना अस्वस्थ वाटू लागले व ते सिंगपेरुमाळ कोविल स्थानकावर उतरले. फलाटावर अंथरूण घालून त्यांनी तानपुरा जुळवून घेतला आणि गाता गाताच देह ठेवला, असे सांगितले जाते. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. तेथील उरुसात गवई त्यांच्या स्मरणार्थ गातात. गाण्यापूर्वी तानपुरे जुळविले जातात, आणि त्याला बराच वेळ लागतो.