नाईकीने ज्याला पगारावर ठेवलं, तो गडी दिवसाला ३ डॉलर भत्त्यावर देशासाठी पळायचा

आज अमेरिकेत कॉलेजात शिकणारं पोरगं बुटांच्या कंपनीशी करार करतं आणि डॉलरमध्ये कमावतं. २०२१ पासून हे नियमात बसतं. पण ५० वर्षांपूर्वी बूट घालायचे पैसे घेतले एवढं कळलं तरी खेळाडूचं करिअर संपायचं.

या नियमाला एक पठ्ठ्या नडला होता. त्याचं नाव स्टीव्ह प्रीफॉन्टेन. लोक त्याला प्री म्हणायचे.

१९५१ साली ओरेगॉन राज्यातल्या कूस बे या गावात तो जन्मला. लाकडाच्या धंद्यावर चालणारं हे गाव. वडील सुतारकाम करायचे, जर्मनीहून आलेली आई शिवणकाम करायची. फुटबॉल, बास्केटबॉलसाठी अंगकाठी कमी पडली म्हणून पोरगं पळायला लागलं आणि शाळेतच २ मैलांचा राष्ट्रीय शालेय विक्रम करून बसलं. कॉलेजं मागे लागली. त्यानं ओरेगॉन विद्यापीठ निवडलं, कारण तिथे कोच होते बिल बॉवरमन.

खरी गंमत इथून सुरू होते. बॉवरमन यांनी १९६४ मध्ये आपलाच जुना धावपटू फिल नाईट याच्यासोबत ५००-५०० डॉलर घालून जपानी बूट विकायची कंपनी काढली होती. तीच पुढे नाईकी झाली. बायकोच्या वॉफल बनवायच्या साच्यात रबर ओतून बुटाचे तळवे बनवणारे ते हेच बॉवरमन.

पण मार्केट होतं आदिदासचं. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये तर आदिदास आणि पुमा यांच्या भांडणात खेळाडूंना गुपचूप पैशांची पाकिटं दिली गेली. म्हणजे नियम सगळ्यांना पाठ होता आणि तो मोडायची पद्धतही.

१९७२ ला म्युनिकमध्ये प्री ५००० मीटरच्या फायनलला उतरला तेव्हा तो २१ वर्षांचा होता. शेवटच्या मैलात त्यानं वेग वाढवला, सोन्यासाठी जीव तोडला आणि अगदी शेवटच्या काही मीटरात चौथ्या नंबरवर फेकला गेला. सावकाश पळून ब्राँझ वाचवता आलं असतं. पण तसं पळणं त्याला जमायचंच नाही.

घरी परतल्यावर त्याचे हाल होते. हेवर्ड फील्डवर हजारो लोक ज्याच्या नावानं ओरडायचे, तो ट्रेलरमध्ये राहायचा, बारमध्ये काम करायचा आणि सरकारी फूड स्टॅम्पवर जगायचा. परदेशात देशासाठी पळताना एएयू ही संघटना दिवसाला ३ डॉलर भत्ता द्यायची. प्रोफेशनल सर्किटची सुमारे २ लाख डॉलरची ऑफर त्यानं नाकारली, कारण ती घेतली असती तर १९७६ चं ऑलिम्पिक हुकलं असतं.

मग नाईकीनं पळवाट काढली. १९७४ मध्ये वर्षाला ५००० डॉलरवर त्याला कंपनीत नोकरी दिली. कागदावर तो जनसंपर्काचा माणूस होता, म्हणजे बुटांचे नाही तर कामाचे पैसे. प्रीनं कामही मनापासून केलं. ओळखीच्या धावपटूंना तो बूट पाठवायचा, सोबत चिठ्ठी लिहायचा. असाच एक जोड बिल रॉजर्सला गेला. एप्रिल १९७५ मध्ये रॉजर्सनं तो घालून बोस्टन मॅरेथॉन मारली, मध्येच थांबून नाडी बांधून.

एएयूशी भांडण चालूच होतं. मे १९७५ मध्ये प्रीनं फिनलंडच्या खेळाडूंना स्वतःच ओरेगॉनमध्ये आणून स्पर्धा भरवल्या. २९ मे रोजी हेवर्ड फील्डवर ५००० मीटर जिंकला, पार्टीला गेला, मित्राला घरी सोडलं. मध्यरात्रीनंतर स्कायलाइन बुलेव्हार्डवर त्याची गाडी खडकाला धडकून उलटली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार रक्तात दारू मर्यादेपेक्षा जास्त होती. जवळच्यांना ते कधी पटलं नाही. तेव्हा तो २४ वर्षांचा होता आणि २००० पासून १०,००० मीटरपर्यंतचे अमेरिकन विक्रम त्याच्या नावावर होते.

३ वर्षांनी, १९७८ मध्ये अमेरिकेत कायदा आला आणि एएयूची मक्तेदारी मोडली. कॉलेजच्या पोरांना मात्र आणखी ४३ वर्षं थांबावं लागलं. युजीनमधल्या त्या खडकापाशी धावपटू आजही आपले बूट ठेवून जातात.