अभंगातील ख्रिस्त आणि घरातील घागर

दिवसभर भातखाचरात राबून रात्री टाळ हाती घेणारी माणसे महाड-पोलादपूरच्या गावोगावी आढळतात. देव गाठण्यासाठी काम सोडून जावे लागते, असे या वारकऱ्यांना कधी वाटले नाही. शेजारच्याच रत्नागिरी जिल्ह्यात, करजगाव येथे, ६ डिसेंबर १८६१ रोजी जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी हीच वृत्ती ख्रिस्ती प्रार्थनेत आणली. त्यासाठी त्यांच्या संसाराला जी किंमत मोजावी लागली, ती मात्र त्यांच्या काव्याच्या गौरवात बहुधा विसरली जाते.

भक्तिकाव्याचा संस्कार त्यांना आईकडून लाभला. पुढे नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. वृत्ती अस्थिर, स्वभाव तापट. नोकरी एके ठिकाणी टिकत नसे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जात असताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना बायबल वाचण्याचा आग्रह केला. त्या वाचनाची परिणती १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत घेतलेल्या बाप्तिस्म्यात झाली.

पत्नी लक्ष्मीबाईंवर तो वज्राघात होता. लहान मुलाला घेऊन त्या नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. त्यातला काही काळ पंढरपुरात गेला. विठोबाच्या नगरीत पतीच्या धर्मांतराचे दुःख उराशी बाळगणाऱ्या त्या स्त्रीची अवस्था कोणत्याही धर्मचर्चेत मावणारी नव्हती. काही वर्षांनी त्या टिळकांकडे राहावयास आल्या खऱ्या, पण सोवळे घेऊनच. एका छपराखाली ख्रिस्ती पती आणि शिवाशिव पाळणारी पत्नी, असा तो संसार चालला. टिळकांच्या प्रार्थनेची खरी कसोटी येथे लागली. उपदेशकाला मंदिरात शांत राहणे सोपे. घरी वेगळी घागर पाहून शांत राहणे कठीण. एरवी रागीट असलेल्या टिळकांनी या एका बाबतीत सक्ती केली नाही, ही गोष्ट त्यांच्या पुष्कळशा कवितांहून मोठी मानावी लागेल.

लक्ष्मीबाई बदलल्या त्या स्वतःच्या विचाराने. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी आपल्या मनाला विचारला आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पाण्याचा हा प्रश्न महाडला परका नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा ते तळे शुद्ध करण्यासाठी याच शहरात मंत्र म्हटले गेले. भजनाची परंपरा असलेल्या मुलखाला एवढी आठवण पुरे आहे.

तेव्हाच्या मराठी चर्चमध्ये इंग्रजी गीतांची भाषांतरे परकीय चालींवर गाइली जात. भाषा मराठी, पण तीत जीव नसे. टिळकांनी अभंग, ओवी, कीर्तन यांना प्रार्थनेत स्थान दिले आणि ख्रिस्ताला माउली म्हटले. माउली म्हटले की देव रविवारपुरता राहत नाही. तो दळताना, चालताना, मूल निजवताना जवळ असतो. अर्थात हा कवी घरखर्चाचे पैसे वाटेत भेटलेल्या गरजूला देऊन रिकाम्या हाती परते, तेव्हा ईश्वरी सान्निध्याचा भार लक्ष्मीबाईंच्या चुलीवर पडे, हेही सांगितले पाहिजे. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना ते ठाऊक आहे.

पोलादपूरहून आंबेनळीचा घाट चढून गेले की महाबळेश्वरापलीकडे सातारा लागते. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून टिळक तेथे गेले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात प्रवेश होता. अनेक धर्मबंधूंना हे रुचणे शक्य नव्हते. प्रयोग मूळ धरण्यापूर्वीच, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दहन करण्यात आले.

‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. एकेकाळी वेगळी घागर ठेवणाऱ्या, अक्षरओळखही टिळकांकडूनच झालेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचे बहुतेक अध्याय उतारवयात ओव्यांत रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या निवर्तल्या. ग्रंथ १९३८ मध्ये छापून निघाला.