जॉन ब्राउनिंग

जॉन मोझेस ब्राउनिंग (जन्म : २३ जानेवारी, इ.स. १८५५, ऑग्डेन, युटा. मृत्यू : २६ नोव्हेंबर, इ.स. १९२६, लिएज, बेल्जियम) हे अमेरिकन शस्त्र-रचनाकार होते. त्यांच्या नावावर १२८ पेटंटे आहेत. रायफल, शॉटगन, मशीनगन आणि पिस्तूल या चारही प्रकारांत त्यांच्या रचना दीर्घकाळ वापरात राहिल्या. स्वयंचलितपणे पुन्हा भरले जाणारे लहान पिस्तूल सर्वसामान्य वापरकर्त्याला स्वतः उघडून साफ करता यावे, अशी सोपी रचना रूढ करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

बालपण आणि सुरुवातीचे काम

ब्राउनिंग यांचे वडील जोनाथन हे बंदुका बनवणारे कारागीर होते. मॉर्मन पंथाच्या अनुयायांबरोबर पश्चिमेकडे स्थलांतर करून ते ऑग्डेन येथे स्थायिक झाले. त्यांच्या तीन पत्नींपासून त्यांना २२ अपत्ये झाली. जॉन यांचे शालेय शिक्षण बेताचेच झाले. धातुकाम ते वडिलांच्या कार्यशाळेत शिकले. दुरुस्तीसाठी आलेल्या बंदुका उघडणे, झिजलेला भाग ओळखणे आणि तो नव्याने घडवणे हेच त्यांचे शिक्षण ठरले.

इ.स. १८७९ मध्ये त्यांचा रेचेल चाइल्ड यांच्याशी विवाह झाला. त्याच वर्षी वडिलांचे निधन झाले आणि ७ ऑक्टोबर रोजी जॉन यांना एका एकबारी रायफलीचे पहिले पेटंट मिळाले. भावांच्या मदतीने ते ही रायफल ऑग्डेनमध्येच बनवू लागले. इ.स. १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीने तिचे हक्क विकत घेतले आणि ती 'मॉडेल १८८५' या नावाने बाजारात आणली. पुढील सुमारे दोन दशके ब्राउनिंग यांनी विंचेस्टरसाठी अनेक रचना केल्या. त्यांपैकी 'मॉडेल १८९४' ही रायफल विशेष लोकप्रिय झाली.

गोळी सुटताना नळीतून बाहेर पडणाऱ्या वायूच्या झोताने समोरचे गवत झुकते, हे पाहून वाया जाणाऱ्या या शक्तीचा उपयोग करण्याची कल्पना त्यांना सुचली. या तत्त्वावर त्यांनी बनवलेली मशीनगन कोल्ट कंपनीने इ.स. १८९५ मध्ये बाजारात आणली.

स्लाइडची कल्पना

एप्रिल १८९७ मध्ये ब्राउनिंग यांना स्वयंचलित पिस्तुलांची पेटंटे मिळाली. त्यांच्या पिस्तुलात नळीच्या वर पुढे-मागे सरकणारे धातूचे आवरण असते. त्याला स्लाइड म्हणतात. गोळी सुटल्यावर स्लाइड मागे जाते, रिकामे काडतूस बाहेर फेकते आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना मुठीतील मॅगझिनमधून नवे काडतूस नळीत ढकलते. आजची बहुतेक पिस्तुले याच मांडणीची आहेत.

बेल्जियममधील फाब्रिक नॅसिओनाल या कंपनीने ब्राउनिंग यांच्याशी करार करून 'मॉडेल १९००' हे ७.६५ मि.मी. पिस्तूल तयार केले. त्याची सुमारे ७ लाख नग निर्मिती झाली. त्यात नळीच्या वर बसवलेली एकच स्प्रिंग दोन कामे करते. ती स्लाइड पुढे आणते आणि काडतुसावर आघात करणाऱ्या पिनेलाही जोर देते. सुट्या भागांची संख्या कमी ठेवण्याची ब्राउनिंग यांची पद्धत येथे दिसते.

साफसफाई आणि उलगडण्याची रचना

त्या काळच्या काडतुसांतील पेटवण द्रव्यामुळे नळीत क्षार साचत. हे क्षार हवेतील ओलावा शोषून घेत आणि वेळीच सफाई न केल्यास नळी गंजत असे. स्लाइडच्या खाचांत साचलेली काजळी व वाळलेले तेल यांमुळे पिस्तूल अडकण्याचा धोकाही असे. त्यामुळे शस्त्र किती सहज उघडते, यावर त्याची विश्वासार्हता अवलंबून होती.

'मॉडेल १९००' उघडण्यासाठी स्लाइडवरील दोन स्क्रू काढावे लागत. इ.स. १९०३ च्या रचनेत ही गरज उरली नाही. स्लाइड ठरावीक जागेपर्यंत मागे ओढून नळी फिरवली की नळीवरील कंगोरे सांगाड्यातून सुटतात आणि स्लाइड नळीसह पुढे निघून येते. या कामाला वेगळे अवजार लागत नाही. 'मॉडेल १९१०' मध्ये स्प्रिंग नळीभोवतीच गुंडाळलेली असल्याने पिस्तूल आणखी सुटसुटीत झाले.

अशा शस्त्रात एक धोका कायम राहतो. मॅगझिन काढले तरी नळीत एखादे काडतूस उरू शकते. पिस्तूल रिकामे आहे असे समजून ते साफ करायला घेतल्याने अपघात होतात. म्हणूनच आधी मॅगझिन काढणे व नंतर नळी रिकामी असल्याची खात्री करणे, हा सफाईचा पहिला नियम मानला जातो. 'मॉडेल १९१०' मध्ये मॅगझिन काढलेले असताना चाप ओढला तरी गोळी सुटू नये, अशी सोय करण्यात आली होती.

लष्करी पिस्तूल

अमेरिकन लष्कराच्या मार्च १९११ मधील चाचणीत ब्राउनिंग यांच्या .४५ कॅलिबरच्या पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडण्यात आल्या. मधूनमधून ते थंड केले जाई, तर दर १,००० गोळ्यांनंतर साफ करून त्याला तेल दिले जाई. या संपूर्ण चाचणीत ते एकदाही अडकले नाही. २९ मार्च १९११ रोजी त्याचा 'एम १९११' म्हणून स्वीकार झाला आणि इ.स. १९८५ पर्यंत ते अमेरिकन सैन्याचे अधिकृत पिस्तूल राहिले. नेहमीच्या सफाईसाठी सैनिकाला ते हातानेच उलगडता येत असे.

पहिले महायुद्ध आणि अखेरची वर्षे

२८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे गाव्रिलो प्रिन्सिप याने आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड व त्यांच्या पत्नी सोफी यांची हत्या केली. त्यासाठी वापरलेले शस्त्र 'मॉडेल १९१०' होते. काही जुन्या लेखनात ते चुकीने 'मॉडेल १९००' असल्याचे सांगितले आहे. खिशात मावणारे, हाताळण्यास सोपे आणि सहसा न अडकणारे हे पिस्तूल सैनिकाइतकेच मारेकऱ्याच्याही उपयोगाचे ठरले. या हत्येतून उद्भवलेल्या महायुद्धात ब्राउनिंग यांच्याच मशीनगन व स्वयंचलित रायफली अमेरिकन सैन्याने वापरल्या.

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी फाब्रिक नॅसिओनालच्या कारखान्यात असताना हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन ऑग्डेन येथे करण्यात आले.

वारसा

ब्राउनिंग यांचे अपूर्ण राहिलेले ९ मि.मी. पिस्तूल द्यूदोने सेव्ह यांनी पूर्ण केले. इ.स. १९३५ मध्ये ते 'हाय-पॉवर' या नावाने प्रसिद्ध झाले. भारतात ईशापूर येथील रायफल कारखान्यात बनलेले '९ मि.मी. पिस्तूल १ए' याच रचनेवर आधारित आहे. फ्रेंच भाषेत 'ब्राउनिंग' हा शब्द पिस्तुलासाठी सामान्यनाम म्हणून रूढ झाला. ऑग्डेन येथील युनियन स्टेशनमध्ये त्यांच्या शस्त्रांचे संग्रहालय आहे.