शंकर गुहा नियोगी : संघर्षाला निर्माणाची जोड देणारे कामगार नेतृत्व

भिलाई (छत्तीसगढ), २८ सप्टेंबर : भिलाईच्या हुडको वसाहतीतील एका साध्या घरात २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे झोपेत असलेल्या शंकर गुहा नियोगी यांच्यावर खिडकीतून गोळ्या झाडण्यात आल्या. मृत्युसमयी त्यांचे वय अवघे ४८ वर्षांचे होते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत भारतात जे राजकीय आणि कामगार नेतृत्व उदयास आले, त्यात नियोगी यांचे स्थान वेगळे आहे. संप आणि मोर्चे अनेकांनी केले. मात्र कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमदानातून रुग्णालय, शाळा व सांस्कृतिक चळवळ उभी करणारे नेते विरळाच.

नियोगी यांचा जन्म १४ फेब्रुवारी १९४३ रोजी एका बंगाली कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव धीरेश. बालपण आसाममध्ये आणि शिक्षण जलपाईगुडीत झाल्यानंतर साठच्या दशकाच्या आरंभी ते भिलाईस आले. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेला येथील पोलाद कारखाना त्या वेळी नव्या भारताचे प्रतीक मानला जात होता. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी फेब्रुवारी १९५९ मध्ये पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले होते आणि देशभरातून तरुण रोजगारासाठी येथे येत होते. नियोगी यांना कोक ओव्हन विभागात काम मिळाले. तेथील कामगारांना संघटित करण्यात पुढाकार घेतल्याने साठच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांची नोकरी गेली.

त्यानंतरची काही वर्षे त्यांनी छत्तीसगढच्या खेड्यापाड्यांत काढली. काही काळ ते नक्षलवादी विचारांच्या पक्षाशी जोडले गेले होते; परंतु जनसंघटनांवाचून परिवर्तन शक्य नाही, या मतामुळे ते त्या मार्गापासून दूर झाले. शंकर हे नाव धारण करून त्यांनी दानीटोला येथील क्वार्टझाइटच्या खाणीत मजुरी केली. तेथेच आशा या स्थानिक श्रमिक स्त्रीशी त्यांचा विवाह झाला. छत्तीसगढी बोली, तेथील सण, शेती आणि दुष्काळ यांची ओळख त्यांना पुस्तकांतून नव्हे, तर या सहजीवनातून झाली. आणीबाणीच्या काळात मिसा कायद्याखाली त्यांना सुमारे तेरा महिने तुरुंगवास घडला.

आणीबाणी उठली आणि त्यांच्या जीवनातील महत्त्वाचे पर्व सुरू झाले. भिलाईच्या पोलाद कारखान्यास लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली राजहरा येथील खाणींत हजारो कंत्राटी मजूर काम करीत होते. गडचिरोली जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या या गावात कायम कामगार आणि कंत्राटी मजूर यांच्या वेतनात व बोनसमध्ये मोठी तफावत होती. प्रस्थापित संघटनांवर नाराज झालेल्या मजुरांनी नियोगी यांना नेतृत्वासाठी पाचारण केले आणि १९७७ मध्ये छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघाची स्थापना झाली. काम बंद असलेल्या दिवसांचे वेतन आणि पावसाळ्यापूर्वी झोपडी दुरुस्तीसाठी शंभर रुपये, अशा त्यांच्या साध्या मागण्या होत्या. २ जूनच्या रात्री पोलिसांनी नियोगी यांना अटक केली. संतप्त मजुरांवर त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी झालेल्या गोळीबारात अकरा जण मृत्युमुखी पडले. त्यांत अनसूयाबाई ही श्रमिक स्त्री आणि सुदामा नावाचा एक मुलगा होता.

एवढ्या आघातानंतरही संघटना मोडली नाही. मजुरी वाढली, पण वाढलेली मजुरी दारूच्या दुकानात जाऊ लागली, तेव्हा नियोगी यांनी दारूबंदीची मोहीम हाती घेतली. त्यात स्त्रियांचा सहभाग निर्णायक ठरला आणि हजारो घरांतून दारू हद्दपार झाली. या मोहिमेमुळे दुखावलेल्या हितसंबंधीयांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. १९८१ मध्ये त्यांना राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्ध करण्यात आले.

संघटनेच्या उपाध्यक्षा कुसुमबाई यांचा प्रसूतीच्या वेळी पुरेशा उपचारांअभावी मृत्यू झाला. या दुःखातून मजुरांनी स्वतःचे रुग्णालय उभारण्याचा निर्धार केला. डॉ. विनायक सेन यांच्यासह काही तरुण डॉक्टर त्यांच्या मदतीस आले. गोळीबाराच्या सहाव्या स्मृतिदिनी, ३ जून १९८३ रोजी, शहीद रुग्णालय सुरू झाले. त्याच्या भिंती खाणमजुरांनी श्रमदानातून उभ्या केल्या होत्या. मजुरांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या, तर नवा अंजोर या कलापथकाने छत्तीसगढी गीतांतून चळवळीचा आशय गावोगाव नेला. संघर्ष आणि निर्माण ही दोन अंगे एकाच कार्याची आहेत, ही नियोगी यांची धारणा अशा रीतीने प्रत्यक्षात उतरली.

यांत्रिकीकरणाच्या प्रश्नावरही त्यांची भूमिका केवळ विरोधाची नव्हती. खाणींत मोठी यंत्रे आल्यास पती-पत्नी मिळून खनिज काढणाऱ्या कुटुंबांतील स्त्रियांचा रोजगार प्रथम जाणार, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांच्या संघटनेने अर्धयांत्रिकीकरणाची पर्यायी योजना मांडली. त्यामुळे पूर्ण यांत्रिकीकरण काही वर्षे लांबणीवर पडले.

खाणींपुरते मर्यादित न राहता त्यांनी शेतकरी, आदिवासी आणि मजूर यांना छत्तीसगढ मुक्ती मोर्चाच्या लाल-हिरव्या ध्वजाखाली एकत्र आणले. लाल रंग कामगारांचा, तर हिरवा शेतकऱ्यांचा. दुष्काळात धान्याचे कोठार भुकेल्यांसाठी खुले करणारे आणि १८५७ मध्ये रायपूर येथे फाशी गेलेले सोनाखानचे वीर नारायण सिंह यांची स्मृती जनमानसात पुन्हा जागविण्याचे श्रेय बऱ्याच अंशी या चळवळीस जाते. १९८५ मध्ये मोर्चाचे जनकलाल ठाकूर विधानसभेवर निवडून आले. नियोगी मात्र स्वतः संघटनेतच राहिले.

१९९० मध्ये त्यांनी भिलाईच्या खासगी उद्योगांतील कंत्राटी कामगारांकडे लक्ष वळविले. जगण्यापुरते वेतन, कायम नोकरी आणि संघटनेला मान्यता, या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. हजारो कामगारांना कामावरून कमी करण्यात आले. १९९१ च्या प्रारंभी नियोगी यांना पुन्हा अटक झाली. सुटकेनंतर त्यांना जिल्ह्याबाहेर हद्दपार करण्याच्या हालचालीही झाल्या. देशात उदारीकरणाचे नवे धोरण नुकतेच जाहीर झाले होते. सप्टेंबरमध्ये कामगारांसह दिल्लीस जाऊन त्यांनी राष्ट्रपती आर. वेंकटरामन यांना निवेदन दिले. आपल्या जिवास धोका असल्याची त्यांना कल्पना होती. तसे त्यांनी ध्वनिफितीवर नोंदवूनही ठेवले होते. दिल्लीहून परतल्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांची हत्या झाली. दल्ली राजहरा येथे त्यांच्या अंत्यदर्शनासाठी प्रचंड जनसमुदाय लोटला.

भिलाईचा लढा त्यानंतरही थांबला नाही. १ जुलै १९९२ रोजी भिलाई पॉवर हाऊस स्थानकावर रेल्वेमार्ग रोखून बसलेल्या कामगारांवर झालेल्या गोळीबारात पंधराहून अधिक जणांचा बळी गेला. हत्येच्या खटल्यात दुर्ग येथील सत्र न्यायालयाने १९९७ मध्ये दोन उद्योजकांसह सहा जणांना दोषी ठरविले. पुढील वर्षी जबलपूर उच्च न्यायालयाने सर्वांची मुक्तता केली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष गोळ्या झाडणाऱ्या एकट्या आरोपीस जन्मठेपेची शिक्षा दिली आणि इतरांची मुक्तता मान्य केली. सुपारी कोणी दिली, या प्रश्नाचे उत्तर न्यायालयीन निकालांतून मिळाले नाही.

महाराष्ट्रातील वाचकांस या संदर्भात डॉ. दत्ता सामंत यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९८२ च्या गिरणी संपाचे ते नेते होते आणि १६ जानेवारी १९९७ रोजी मुंबईत त्यांचीही हत्या झाली. दोघांची कार्यपद्धती भिन्न होती. पण असंघटित आणि दुर्लक्षित श्रमिकांचा दोघांवरील विश्वास सारखाच होता. मुंबईतील बहुतेक गिरण्यांच्या जागी आज उत्तुंग इमारती आहेत. दल्ली राजहरा येथे मात्र मजुरांनी बांधलेल्या शहीद रुग्णालयात आजही रुग्णांवर उपचार होतात. दरवर्षी २८ सप्टेंबरला कामगार व शेतकरी लाल-हिरवे ध्वज घेऊन नियोगी यांना अभिवादन करतात.