सागवानी जहाजांचे उस्ताद



आपल्या हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही. पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणाचे पाणी पाहून आपण समुद्राची कल्पना करतो. मुंबईला जाऊन ज्यांनी खरे जहाज पाहिले असेल, असे तुमच्यात थोडेच असतील. पण सागवान मात्र तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. एखाद्या जुन्या वाड्याचे दार आठवा. किती उन्हाळे आणि किती पावसाळे त्याने पाहिले असतील! तरी ते कुजत नाही. याच लाकडापासून दोनशे वर्षांपूर्वी मुंबईत लढाऊ जहाजे बांधणाऱ्या एका कारागिराची हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे. त्यांचे नाव जमशेटजी बमनजी वाडिया.

जमशेटजींचा जन्म सुमारे 1754 साली एका पारशी घराण्यात झाला. त्यांचे आजोबा लवजी नसरवानजी हे मूळचे सुरतेचे. ईस्ट इंडिया कंपनीने 1736 साली त्यांना काही सुतारांसह मुंबईला आणले आणि मुंबईच्या गोदीत जहाजे बांधण्याचे काम सुरू झाले. गोदी म्हणजे जहाज बांधण्याची व दुरुस्त करण्याची जागा. लवजी मोठे कारागीर होते, पण नातवांच्या बाबतीत त्यांनी जराही लाड केले नाहीत. जमशेटजी आणि त्यांचे चुलत भाऊ फ्रामजी यांना त्यांनी गोदीत साधे सुतार म्हणून कामाला लावले. पगार महिना 12 रुपये. आजोबा गोदीचे प्रमुख, तरी नातू रंधा मारतो आहे आणि वाकसाने लाकूड तासतो आहे! 1774 साली लवजी वारले, तेव्हा त्यांच्यामागे एक घर आणि वीस हजारांहून कमी रक्कम एवढेच राहिले. पण नातवांच्या हातात हुन्नर होता. पुढे हे दोघे भाऊ गोदीचे मुख्य कारागीर झाले.

आता त्या काळाची परिस्थिती लक्षात घ्या. इंग्लंड आणि फ्रान्स यांची लढाई चालू होती. इंग्लंडची जहाजे ओक नावाच्या झाडाच्या लाकडाची असत. जहाजामागून जहाज बांधता बांधता इंग्लंडमधील ओकची जंगले विरळ झाली. लाकूड आणायचे कोठून? तेव्हा इंग्लंडच्या नौदलाचे लक्ष मुंबईकडे गेले. मलबारच्या किनाऱ्यावरून सागवान मुंबईला येत असे. सागवानात स्वाभाविक तेल असते. त्यामुळे त्यात ठोकलेला लोखंडी खिळा लवकर गंजत नाही. ओकच्या लाकडात एक आम्ल असते, ते लोखंडाला खाते. शिवाय मुंबईच्या सुतारांची एक खास पद्धत होती. इंग्लंडमध्ये एका फळीला दुसरी फळी नुसती भिडवीत आणि मधली फट दोराचा काथ्या व डांबर भरून बुजवीत. मुंबईत मात्र फळीच्या कडेला खाच पाडून दुसऱ्या फळीची कड तिच्यात नेमकी बसवीत. काम वेळखाऊ होते, पण जहाज पाणी आत घेत नसे.

1802 साली नौदलाने आपली जहाजे मुंबईत बांधून घेण्याचे ठरवले. पण मनात शंका होती. राजाच्या आरमाराचे जहाज एका हिंदी माणसाच्या हाती कसे सोपवायचे? म्हणून इंग्लंडहून एक गोरा अधिकारी पाठवण्याचा विचार झाला. पण जमशेटजींच्या कामाची माहिती लंडनला पोचली, तेव्हा तो विचार सोडून देण्यात आला आणि काम त्यांच्याकडेच राहिले. 1804 साली कंपनीने त्यांना चांदीची मोजपट्टी भेट दिली. इंग्लंडमध्ये जपून ठेवलेल्या त्यांच्या एका चित्रात ती पट्टी त्यांच्या कमरेला खोचलेली दिसते. मला तर वाटते, कारागिराला याहून योग्य भेट कोणती असणार!

19 जून 1810 रोजी त्यांचे 'मिंडेन' हे जहाज पाण्यात उतरले. त्यावर 74 तोफा होत्या. इंग्लंडच्या नौदलाला एवढे मोठे लढाऊ जहाज ब्रिटिश बेटांच्या बाहेर कोणी बांधून दिले नव्हते. त्याच्या बांधणीत इंग्लंडहून आलेल्या कोणाचा हात नव्हता, हे तेव्हा लोकांनी मुद्दाम नोंदवून ठेवले.

तुम्ही विचाराल, जहाज बांधायचे ते कशावरून? त्यासाठी लंडनहून नकाशे येत. मराठीत ज्याला नकाशा म्हणतात, तोच तुमचा नक्शा. एकाच नकाशावरून अनेक जहाजे बांधली जात. अशा जहाजांना भगिनी-जहाजे म्हणतात, म्हणजे एका घरातल्या बहिणी. पण त्या हुबेहूब सारख्या नसत. एकाच मापाची शेरवानी दोन शिंप्यांनी शिवली, तर दोन्हींत थोडा फरक पडतोच. कापड वेगळे, शिवण वेगळी. आणि दुसरा शिंपी हुशार असेल, तर पहिल्या शेरवानीतली चूक तो सुधारतो.

याची एक नवलाची गोष्ट आहे. 1812 साली 'जावा' नावाचे इंग्रज जहाज मुंबईत बांधायच्या जहाजांसाठी तांबे आणि नकाशे घेऊन निघाले. वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या जहाजाशी त्याची गाठ पडली. लढाईत 'जावा' हरले आणि नकाशे गेले. इकडे मुंबईत 'वेलस्ली' नावाचे जहाज बांधायचे होते. आता काय करणार? जमशेटजींनी 74 तोफांचे 'कॉर्नवॉलिस' जहाज नुकतेच तयार केले होते. ते 1813 साली पाण्यात उतरले. 'वेलस्ली' त्याच्याच घडणीवर बांधायचे ठरले. ज्या दोन जहाजांची घडण मुळात निराळी व्हायची होती, ती नकाशे हरवल्यामुळे बहिणी बनली! 1842 साली चीन आणि इंग्लंड यांच्यातील नानकिंगचा तह 'कॉर्नवॉलिस'वरच झाला. 'वेलस्ली' 1815 साली पाण्यात उतरले आणि 1940 साली, दुसऱ्या महायुद्धात, जर्मन विमानांच्या बॉम्बने थेम्स नदीत बुडाले. म्हणजे 125 वर्षे ते पाण्यावर होते.

यापेक्षाही मला आवडते ती 'ट्रिंकोमाली'ची गोष्ट. हे 'लीडा' नावाच्या वर्गातले फ्रिगेट. फ्रिगेट म्हणजे मध्यम आकाराचे, वेगवान लढाऊ जहाज. या वर्गाचा नमुना इंग्रजांचा नव्हता. 1782 साली त्यांनी पकडलेल्या 'एबे' या फ्रेंच जहाजावरून तो घेतला होता. शत्रूचे जहाज चांगले दिसले, तर त्याची नक्कल करण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. याच वर्गातले 'अँफिट्राइटी' मुंबईत 1816 साली पाण्यात उतरले. त्याच वर्षी 'ट्रिंकोमाली'ची बांधणी सुरू झाली. आरंभी पारशी रिवाजाप्रमाणे तिच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकण्यात आला. सुमारे 150 फूट लांब आणि 40 फूट रुंद असे हे जहाज 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात गेले. खर्च आला सुमारे 23,000 पौंड.

या वर्गातली एक धाकटी बहीण इंग्लंडमध्ये चॅटम येथे 1824 साली तयार झाली. तिचे नाव 'युनिकॉर्न'. आता दोघींची तुलना करा. 'ट्रिंकोमाली' सागवानाची, 'युनिकॉर्न' ओकची. थोरलीची मागची बाजू जुन्या पद्धतीची, सपाट. तिच्यावर खिडक्यांची रांग. दिसायला सुंदर, पण लढाईत तीच जागा कमजोर. शत्रू मागे आला, की त्याचा गोळा खिडकी फोडून थेट पुढच्या टोकापर्यंत जाई. रॉबर्ट सेपिंग्ज नावाच्या इंग्रज जहाजतज्ज्ञाने यावर उपाय काढला. त्याने मागची बाजू गोल आणि भक्कम केली. तेथून तोफाही सर्व दिशांना डागता येऊ लागल्या. 'युनिकॉर्न'ला ही गोल बाजू मिळाली. लाकडाचे सांधे घट्ट राहावेत म्हणून आत लोखंडी कोन आणि तिरक्या पट्ट्याही बसवल्या. कप्तानांना मात्र ही गोलाई आवडली नाही. त्यांच्या ऐसपैस खोल्या गेल्या ना! 1845 नंतर 'ट्रिंकोमाली'ची दुरुस्ती झाली, तेव्हा तिचीही मागची बाजू बदलून लंबगोल करण्यात आली. तिच्यावरच्या तोफा कमी केल्या, पण त्या अधिक जोरदार बसवल्या.

नवल असे, की सुधारलेल्या 'युनिकॉर्न'ला लढाईवर जायची पाळीच आली नाही. युद्ध संपले होते. तिच्यावर डोलकाठ्या न उभारता छप्पर घातले आणि पेटीत घडी करून ठेवलेल्या शेरवानीसारखी ती जपून ठेवली. 'ट्रिंकोमाली' मात्र वेस्ट इंडीजपासून पॅसिफिक महासागरापर्यंत फिरली.

जमशेटजींबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. 1800 साली त्यांनी कंपनीसाठी 'कॉर्नवॉलिस' नावाचे आणखी एक फ्रिगेट बांधले होते. गोरे साहेब काळ्या माणसाला ज्या शिवीने हाक मारीत, तीच शिवी स्वतःच्या नावाच्या जागी घालून, हे जहाज अशा माणसाने बांधले आहे, असे त्यांनी जहाजाच्या तळाशी एका आतल्या तुळईवर कोरून ठेवले. कोणाला पत्ता लागला नाही. बऱ्याच वर्षांनी जहाज दुरुस्तीला आले, तेव्हा त्यांनी स्वतःच ती अक्षरे दाखवली. तोपर्यंत जहाजाने आपली मजबुती सिद्ध केली होती. पुढे त्या जहाजाचे नाव बदलून 'अकबर' ठेवण्यात आले.

1821 साली जमशेटजी वारले. त्या वेळी गोदीत 84 तोफांचे 'गँजेस' हे जहाज अर्धवट उभे होते. तेही पकडलेल्या एका फ्रेंच जहाजाच्या घडणीवरचे. त्यांचे चिरंजीव नौरोजी यांनी ते पुरे केले आणि त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात ते पाण्यात उतरले. पाहायला जमशेटजी नव्हते.

'युनिकॉर्न' आज स्कॉटलंडमध्ये डंडी येथे आहे. 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. 1990 ते 2001 या काळात तिची मोठी दुरुस्ती झाली. तिचे बरेचसे लाकूड अजूनही मूळचेच, म्हणजे मुंबईच्या गोदीत जमशेटजींच्या सुतारांनी तासलेले सागवान आहे.